जुन्या स्पोर्ट्स गाडीला टायर कोणत्या मापाचा घ्यावा : बडोद्यातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात ‘२१ गन सॅल्यूट’ हे जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले होते. ते पाहून आल्यावर दांडिया बाजार आणि रावपुरा भागांतील ओळखीच्या दोन-तीन घरांनी वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली असलेल्या आपल्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनावर घेतले. इंजिन सुरू झाले, ब्रेक दुरुस्त झाले आणि त्यानंतर प्रत्येकाची गाडी टायरपाशी येऊन अडली. त्या वेळी विचारले गेलेले आणि अजूनही सतत विचारले जाणारे प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः एमजीबी या ब्रिटिश गाडीची घेतली आहेत, कारण मी स्वतः ती चालवतो आणि तिच्या चाकांचे प्रत्येक माप मी स्वतः मोजलेले आहे. मोजण्याची रीत मात्र कोणत्याही गाडीला लागू पडते.

प्रश्न : गाडीचे मूळ माप कोठे पाहावे? सध्या बसवलेल्या टायरवरचे माप घेतले तर चालेल का?

सध्याच्या टायरवरील मापावर विसंबू नये. चाळीस-पन्नास वर्षांत गाडी अनेक हातांतून गेलेली असते आणि त्या त्या वेळी जो टायर मिळाला तो तिला बसवला गेलेला असतो. गाडीसोबत आलेली मूळ पुस्तिका हा सर्वांत भरवशाचा आधार आहे, आणि तीही आपल्याच गाडीच्या वर्षाची व प्रकाराची असली पाहिजे. एकाच नावाच्या गाडीला उत्पादनाच्या काळात दोन-तीन मापे लागलेली आढळतात. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात तयार होत होती. सुरुवातीच्या उघड्या गाडीला ५.६०-१४ हे माप होते, पुढे रेडियल (धागे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे असलेले) टायर आल्यावर त्याच गाडीला १५५एसआर१४ आणि छप्पर असलेल्या जीटीला १६५एसआर१४ असे माप सांगितले गेले. पुस्तिका हाती असली तरी रिम बदललेली नाही ना, याची खात्री करून घ्यावी. त्यासाठी टायर उतरवून रिमची आतली रुंदी, म्हणजे टायरचे काठ जेथे टेकतात त्या दोन कडांमधले अंतर, स्वतः मोजावे. टायरवाल्याने बाहेरून बाहेर मोजलेले अंतर यासाठी उपयोगाचे नाही.

प्रश्न : ५.६०-१४, १५५एसआर१४ आणि १६५/८० आर१४ यांत फरक काय?

ही तीन काळांतील तीन लिपी आहेत. ५.६०-१४ मध्ये ५.६० ही टायरची रुंदी इंचांत आणि १४ हा रिमचा व्यास इंचांत दिलेला आहे. हा जुन्या पद्धतीचा, एकमेकांना तिरके छेदणाऱ्या धाग्यांचा टायर असून आपल्या बाजारात त्याला सरसकट ‘नायलॉन’ म्हणतात. त्याच्या बाजूची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असते, म्हणून ती वेगळी लिहिण्याची गरज भासत नसे.

१५५एसआर१४ मध्ये रुंदी मिलिमीटरमध्ये आली, ‘एस’ हे वेगाचे अक्षर आले आणि ‘आर’ने तो रेडियल असल्याचे सांगितले. यात प्रोफाइल, म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा, लिहिलेले नसते, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. प्रोफाइल लिहिलेले नसेल तर ते साधारण ८० ते ८२ टक्के धरायचे असते. दुकानात ‘१५५ आर१४’ म्हणून मागणी केल्यावर समोर ६५ प्रोफाइलचा टायर ठेवला गेला, तर रुंदी व रिम जुळूनही चाक बरेच लहान होते.

१६५/८० आर१४ ही आजची पद्धत आहे. १६५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर बाजूची उंची, रेडियल बांधणी आणि १४ इंचांची रिम, असा तिचा अर्थ होतो.

प्रश्न : मूळ माप मिळत नसल्यास पर्यायी माप कसे काढावे?

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून हिशेब सविस्तर देत आहे. आपल्याला चाकाचा एकूण व्यास, आणि त्यावरून येणारा घेर, मूळ चाकाच्या जवळ ठेवायचा असतो. स्पीडोमीटर, गिअरचे प्रमाण, गाडीची जमिनीपासूनची उंची आणि मडगार्डमधली मोकळी जागा ही सारी मूळ व्यास गृहीत धरून आखलेली असतात.

व्यास काढण्यासाठी बाजूची उंची दुप्पट करावी आणि तीत रिमचा व्यास मिळवावा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून १४ इंचांची रिम ३५५.६ मिलिमीटर होते. १६५/८० आर१४ साठी १३२ची दुप्पट २६४, अधिक ३५५.६, म्हणजे ६१९.६ मिलिमीटर व्यास आला. १८५/७० आर१४ साठी हाच हिशेब ६१४.६ मिलिमीटर येतो, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी आहे. १७५/७० आर१४ चा व्यास ६००.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन टक्के कमी. १९५/६० आर१४ चा व्यास ५८९.६ मिलिमीटर असून तो जवळजवळ पाच टक्के कमी आहे. तीन टक्क्यांपर्यंतचा फरक सामान्यतः चालवून घेतला जातो आणि मीही त्यापलीकडे जाण्याचा सल्ला कोणाला देणार नाही.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण गाडीत बसल्यावर तो कळतो. पाच टक्के लहान चाक लावल्यास काटा ताशी १०० किलोमीटर दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ९५ च्या वेगाने धावत असते, तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात आणि गाडी १५ मिलिमीटरने खाली बसते. आधीच जमिनीलगत असलेल्या स्पोर्ट्स गाडीच्या एक्झॉस्टला आपल्या सोसायट्यांतील गतिरोधक पार करताना या १५ मिलिमीटरांची किंमत समजते.

एमजीबीच्या मालकांसाठी एक समाधानाची बाब अशी की १६५/८० आर१४ हे माप मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायर या गाड्यांवर वर्षानुवर्षे येत होते, त्यामुळे ते साध्या दुकानातही मिळते. ट्रायम्फ स्पिटफायरच्या १५०० या शेवटच्या गाडीचे १५५एसआर१३ हे माप आज १५५/८० आर१३ या रूपात वॅगन आरमुळे सापडते. जॅग्वार ई-टाइपसारख्या १५ इंचांच्या रिमच्या गाड्यांना ही सोय नाही. १९६१ मध्ये ती ६.४०-१५ मापाच्या टायरवर बाजारात आली आणि पुढे तिला १८५ रुंदीचे रेडियल आले. ते विशेष टायर बनवणाऱ्यांकडूनच मागवावे लागतात.

प्रश्न : थोडा रुंद टायर बसवला तर पकड वाढणार नाही का?

कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर काही प्रमाणात वाढते, आणि तीच खरी अडचण आहे. साठच्या दशकातील गाडीचे स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर, स्टिअरिंगचे सांधे आणि बेअरिंगे त्या काळच्या अरुंद टायरची पकड धरून बनवलेली आहेत. टायर जास्त धरू लागला की तो ताण या भागांवर जातो. तारांच्या रिममध्ये तो स्पोकवर आणि हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या, दात्यांवर येतो, आणि हे दाते झिजले तर चाक हबवर घसरू लागते. स्टिअरिंगला पॉवरची मदत नसल्याने हळू चालवताना ते जड होते. अरुंद टायर घसरण्याआधी चालकाला हळूहळू सूचना देतो. रुंद टायर बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो.

पावसात तर हिशेब उलटतो. हलक्या गाडीखाली रुंद टायर असला की त्याचा रस्त्यावरील दाब कमी होतो आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये वडोदरा–अहमदाबाद द्रुतगती मार्गावर ज्यांनी गाडी चालवली आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

हा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. गाडी हाती आल्यावर पहिल्याच वर्षी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी तिला १९५/६० आर१४ टायर बसवले होते. उभी असताना ती रुबाबदार दिसे. हालोलमार्गे पावागडकडे जाताना वळणावर मागच्या डाव्या बाजूला चाक मडगार्डच्या आतल्या काठाला घासू लागले आणि घरी येऊन पाहिले तेव्हा टायरच्या खांद्यावर सबंध घेरभर ओरखडा उमटलेला होता. त्या गाडीत मागच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा अगदी सारखी असेलच असे नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चारही टायर बदलून १६५/८० घेतल्यावर गाडी पुन्हा हलक्या हाताने वळू लागली. त्या दिवशी मला ती गाडी खऱ्या अर्थाने प्रथम कळली.

प्रश्न : रिमच्या रुंदीचा यात काय संबंध?

टायर रिमवर सरळ उभा राहिला पाहिजे. रिम अरुंद आणि टायर रुंद असला तर टायरच्या बाजू आत ओढल्या जाऊन तो फुग्यासारखा फुगतो, मधला पट्टा लवकर झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. १६५/८० ला साधारण चार ते साडेपाच इंचांची रिम चालते, १८५/७० ला साडेचार ते सहा, आणि १९५/६० ला साडेपाच ते सात. एमजीबीची तारांची रिम साडेचार इंचांची आणि पोलादी रोस्टाइल रिम पाच इंचांची असते. म्हणजे माझ्या तारांच्या रिमवर ते १९५ चे टायर नियमानेच बसत नव्हते. दुकानात ते चढले, हवाही धरली, पण टायर रिमवर चढणे म्हणजे तो त्या रिमसाठी योग्य असणे नव्हे.

प्रश्न : नायलॉन घ्यावा की रेडियल?

रेडियल टायरचे पेटंट मिशेलिनने १९४६ मध्ये घेतले आणि साठच्या दशकात स्पोर्ट्स गाड्या हळूहळू त्याकडे वळल्या. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत रेडियलचा उल्लेख असेल तर निःशंकपणे रेडियल घ्यावा. पावसातील पकड, ब्रेक लागण्याचे अंतर आणि टायरचे आयुष्य या तिन्ही बाबतींत तो सरस आहे. उल्लेख नसेल तर थोडा विचार करावा. एमजी टीसीसारख्या १९४५ ते १९४९ मधील गाडीला ४.५०-१९ मापाचे उंच, सडपातळ चाक असून तिची रिम अवघी अडीच इंचांची आहे. अशा गाडीला मूळ पद्धतीचा टायरच शोभतो आणि मानवतो.

दोन्ही प्रकार एकाच अॅक्सलवर कधीही मिसळू नयेत. नाइलाजाने मिसळावे लागलेच, तर दोन रेडियल मागे आणि दोन नायलॉन पुढे असावेत. उलट केल्यास वळणावर मागचा भाग आधी सुटतो आणि गाडी गरकन फिरते. चारही चाकांना एकच प्रकार ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. आपल्या अॅम्बॅसडरचे ५.९०-१५ हे माप ऑस्टिन-हिली ३००० या नामांकित स्पोर्ट्स गाडीचेही माप होते. त्यामुळे अॅम्बॅसडरसाठी बनलेले नायलॉन टायर हिलीवर चढवलेले पाहायला मिळतात. माप जुळते, परंतु एक संथ चालणारी प्रवासी गाडी आणि दुसरी तिच्याहून कितीतरी वेगवान, म्हणून वेगाची क्षमता तपासल्याशिवाय ते घेऊ नयेत. शिवाय अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असल्याने दुकानात पडून राहिलेला जुना टायर गळ्यात पडण्याचा धोका आहे.

प्रश्न : मापानंतर लिहिलेला आकडा आणि अक्षर, उदाहरणार्थ ८५टी, यांकडे पाहणे आवश्यक आहे का?

होय, आवश्यक आहे. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो भार पेलावा आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४०. आपण त्या वेगाने गाडी चालवणार नसलो तरी कारखान्याने सांगितलेल्या अक्षराच्या खाली जाऊ नये, कारण ते अक्षर टायरची उष्णता सहन करण्याची ताकदही सांगते.

मालवाहू टेंपोंसाठीचे ‘एलटी’ लिहिलेले टायर अनेकदा जुन्या गाड्यांच्या मापात मिळतात आणि ‘जास्त मजबूत आहेत’ म्हणून सुचवले जातात. त्यांच्या बाजू जाड आणि कडक असतात, त्यांना भरपूर हवा लागते, आणि हलक्या स्पोर्ट्स गाडीखाली ते दगडासारखे उसळतात. ते घेऊ नयेत.

प्रश्न : तारांच्या रिमला ट्यूबलेस टायर चालतो का?

टायर चालतो, पण आत ट्यूब घालावीच लागते. स्पोकची टोके रिममधून आरपार आलेली असतात आणि तेथून हवा निसटते. ट्यूब घालण्याआधी वर आलेली स्पोकची टोके घासून सपाट करावीत आणि त्यांवर रबरी पट्टी नीट बसवावी. ट्यूब टायरच्याच मापाची असावी. टायरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद राहिला असेल तर तो काढावा, अन्यथा तो ट्यूबला घासत राहून काही महिन्यांत भोक पाडतो.

प्रश्न : परदेशातून टायर मागवता येतात का?

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून नियंत्रित यादीत घातली. शिवाय प्रवासी मोटारींच्या टायरवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यामुळे पूर्वीप्रमाणे सहज पार्सल मागवता येईल असे समजू नये. आधी अनुभवी आयातदाराशी बोलून मगच पैसे गुंतवावेत. येथे मिळणाऱ्या मापात काम भागत असेल तर ते आधी तपासावे, हे सांगण्याचे हेही एक कारण आहे.

प्रश्न : टायर बदलल्याने व्हिंटेज नोंदणीला बाधा येते का?

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ही नोंदणी मिळते आणि तिच्या चासी, बॉडी व इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. टायर झिजणारी वस्तू असल्याने ते बदलणे स्वाभाविकच आहे. रुंद टायर मावावेत म्हणून मडगार्ड कापणे मात्र बॉडीतील बदल ठरते.

प्रश्न : हवा किती भरावी? पुस्तिकेतील आकडा फारच कमी वाटतो.

पुस्तिकेतील आकडा त्या काळच्या टायरचा असतो. रेडियलला थोडी जास्त हवा लागते. हलक्या दोन आसनी गाडीला २६ पौंडांपासून सुरुवात करून पाहावे, आणि पुस्तिकेत पुढच्या व मागच्या चाकांत जो फरक सांगितला आहे तो तसाच राखावा. आजच्या गाड्यांच्या सवयीने पंपावर ३५ पौंड भरले जातात, तेवढे या गाडीला नकोत. टायरवर खडूने आडवी रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडे अंतर जावे. मधली रेघ आधी पुसली गेली तर हवा जास्त, कडांची आधी पुसली गेली तर हवा कमी.

आपल्या शहरात ऋतूंचाही विचार करावा लागतो. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. जानेवारीच्या पहाटे भरलेली हवा मे महिन्याच्या दुपारी चार पौंडांनी जास्त दाखवते, म्हणून ऋतू बदलला की हवा पुन्हा पाहावी, आणि ती नेहमी गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना पाहावी.

प्रश्न : नक्षी नव्यासारखी आहे, तरी टायर बदलावा का?

नियमानुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते, पण आपल्या गाड्यांचे टायर झिजून बाद होत नाहीत, ते वयाने बाद होतात. बाजूवर चार आकड्यांची मुद्रा असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० पूर्वीचा आहे आणि तो तत्काळ काढावा. सहा वर्षांनंतर दरवर्षी बाजूंच्या भेगा तपासाव्यात आणि दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असली तरी टायर बदलावा. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे. बूटमध्ये पडून असलेली मूळ स्टेपनी जपून ठेवावी, पण रस्त्यावर वापरू नये.

प्रश्न : पुराचे पाणी चाकांपर्यंत आले होते. टायर बदलावेत का?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरल्यानंतर हा प्रश्न अनेकांनी विचारला. टायरला त्या पाण्याने सहसा काही होत नाही. ट्यूब व रिम यांच्यामध्ये पाणी राहिले तर रिम आणि स्पोक आतून गंजतात, म्हणून टायर उतरवून रिम कोरडी करावी. हबमधील बेअरिंगे उघडून ग्रीस बदलणे हे त्याहून निकडीचे काम आहे.

प्रश्न : नवे टायर बसवल्यावर काय तपासावे?

गाडी जमिनीवर उभी असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कोठे टेकतो का ते पाहावे. नंतर मागच्या बाजूला दोन माणसे बसवून मडगार्ड आणि टायर यांमध्ये बोट सहज जाते का ते दोन्हीकडे पाहावे. बॅलन्सिंग करताना तारांचे चाक त्याच्या मधल्या भोकावर नीट शंकूत बसवले गेले आहे याची खात्री करावी, नाहीतर यंत्र चुकीचे वजन सांगते. मधल्या मोठ्या नटाच्या चाकांना पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर गाडी थांबवून तांब्याच्या किंवा लाकडी हातोड्याने तो नट पुन्हा ठोकून घट्ट करावा, आणि चाक काढताना दात्यांवर लावलेले ग्रीस पुसले गेले असेल तर ते पुन्हा लावूनच चाक चढवावे.